एकच आडनाव, मैदानावर आणि रंगमंचावरही: वडिलांच्या लाल वहीवरून पडलेला प्रश्न

गोदाकाठ

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वडिलांची एक वही सापडली. ते एका पेढीवर हिशेब लिहीत असत, त्यामुळे वहीसुद्धा लाल कापडी बांधणीची, लांबट, रोजमेळाची आहे. तिच्यात जमाखर्च मात्र नाही. वर्तमानपत्रांतली कात्रणे खळीने चिकटवली आहेत आणि ती लावली आहेत आडनावांच्या अक्षरक्रमाने. खेळाडू वेगळे आणि कलावंत वेगळे असा भेद त्यांनी कुठेही केलेला नाही.

त्यामुळे ‘प’च्या पानावर संदीप पाटील आणि स्मिता पाटील शेजारी शेजारी आले आहेत. एका बाजूला १९८२ साली मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारणारा फलंदाज, तर दुसऱ्या बाजूला दूरदर्शनच्या बातम्या देता देता चित्रपटात आलेली आणि १९८६ च्या डिसेंबरात अकाली गेलेली अभिनेत्री. ‘न’च्या पानावर आपल्या नाशिकात जन्मलेले बापू नाडकर्णी आहेत. जानेवारी १९६४ च्या मद्रास कसोटीतले त्यांचे आकडे वडिलांनी लाल पेन्सिलीने पुन्हा लिहून ठेवले आहेत: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी नाही. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नव्हती. त्यांच्याच खाली ज्ञानेश्वर नाडकर्णी यांचा एका नाटकावरचा लेख चिकटवला आहे.

बरीच पाने कोरी आहेत आणि ती भरावीत असे मला मनापासून वाटते. म्हणून दोन गोष्टी विचारतो. क्रीडा आणि मनोरंजन या दोन्ही क्षेत्रांत नामवंत माणसे असलेली आणखी कोणती आडनावे तुम्हाला आठवतात? आणि वडिलांच्या या मांडणीला काही अर्थ आहे का? आडनाव सारखे असल्यामुळे दोन माणसांमध्ये खरोखर काही नाते निर्माण होते का?

मनमाड जंक्शन

वही जपून ठेवा, अशी वही आता कोणी करणार नाही.

‘क’च्या पानासाठी कुलकर्णी द्या. उमेश कुलकर्णी या एकाच नावाची दोन माणसे आहेत: पहिले अलिबागला जन्मलेले डावखुरे मध्यमगती गोलंदाज, १९६७-६८ मध्ये भारताकडून चार कसोटी खेळलेले, आणि दुसरे ‘वळू’ आणि ‘देऊळ’चे दिग्दर्शक. सोनाली कुलकर्णीही दोन आहेत आणि दोघीही अभिनेत्री आहेत. ‘देऊळ’मध्ये तर दिग्दर्शक उमेश, लेखक आणि नायक गिरीश आणि अभिनेत्री सोनाली असे तीन कुलकर्णी एकत्र आले.

क्रिकेटमधला माझा आवडता कुलकर्णी म्हणजे नीलेश. १९९७ साली कोलंबोला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने अटापट्टूला बाद केले. असे करणारा तो पहिला भारतीय. त्यानंतर श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या, नीलेशने ७० षटके टाकली आणि दुसरा बळी काही मिळाला नाही. मी तेव्हा रेल्वेत नवीन लागलो होतो. रात्रपाळी करून येऊन टीव्हीसमोर बसायचो आणि दर षटकाला वाटायचे की आता याला दुसरा मिळेल. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही.

भांडी बाजार

गोदाकाठ, वडिलांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. कुलकर्णी, पाटील, देशपांडे, देशमुख, नाडकर्णी, जोशी ही मुळात कामांची नावे आहेत. गावाचा मुलकी कारभार पाहणारा तो पाटील, गावाचा हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी, ‘नाड’ म्हणजे गावांचा समूह, त्याचा हिशेब ठेवणारा तो नाडकर्णी, पंचांग सांगणारा तो जोशी. जितकी गावे तितके पाटील आणि तितकेच कुलकर्णी. अशा दोन पाटलांमध्ये नाते शोधणे म्हणजे दोन गावांच्या दोन तलाठ्यांमध्ये नाते शोधण्यासारखे आहे. एका पानावर चिकटवल्याने ते जवळचे ठरत नाहीत.

सिडकोतली सायली

जोशी म्हटल्यावर मला गदग आठवते. भीमसेन जोशी मूळचे आजच्या गदग जिल्ह्यातले आणि फिरकी गोलंदाज सुनील जोशी यांचाही जन्म गदगचाच. सप्टेंबर १९९९ मध्ये नैरोबीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सुनील जोशींनी दहा षटकांत सहा निर्धाव टाकून अवघ्या सहा धावांत पाच बळी घेतले होते. भांडी बाजार म्हणतात तसे रक्ताचे नाते नसेलही, पण एकाच मातीतले हे दोन जोशी वहीत एका पानावर आले तर मला ते खटकणार नाही.

कसमादे

आमच्या भागाची नोंद राहिली, म्हणून लिहितो. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या गोपाळराव गायकवाड या मुलाला १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतले गेले आणि तेच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाले. ते स्वतः खेळाडू नव्हते आणि नटही नव्हते, पण बडोद्याच्या गायनशाळेला आणि तालमींना त्यांनी जो आश्रय दिला त्याचे मोल फार मोठे आहे. गाय आणि कवाड या दोन शब्दांवरून हे आडनाव पडल्याची आख्यायिका आमच्याकडे अजूनही सांगतात.

बडोद्याचेच दत्ताजीराव गायकवाड १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारताचे कर्णधार होते. त्यांचे चिरंजीव अंशुमन यांनी १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटे खेळून २०१ धावा केल्या. आताचा ऋतुराज पुण्याचा. मनोरंजनात संभाजी महाराजांवरच्या मालिकेत येसूबाई साकारणारी प्राजक्ता गायकवाड आहे. इतक्या ठिकाणी पसरलेले हे आडनाव ऐकले की आम्हाला आधी कवळाणेच आठवते. त्याला नाते म्हणा की अभिमान, तुमच्या वडिलांच्या वहीत ते एका पानावर शोभेल.

हरसूल रस्ता

‘र’च्या पानावर कविता राऊत हवीच. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची ही मुलगी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवले. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव तिला मिळाले ते इथल्या डोंगरवाटांवर पळून. चित्रपटात दिग्दर्शक ओम राऊत आहेत. राऊत म्हणजे घोडेस्वार, हा जुना मराठी शब्द आहे आणि हे आडनाव किती वेगवेगळ्या समाजांत आढळते ते आपल्याला ठाऊक आहे. इथे भांडी बाजार यांचे म्हणणे मला पटते. कविताच्या पदकामागे राऊत या नावापेक्षा सावरपाड्याची चढण जास्त आहे.

माहेरची ओवी

सगळ्यांचे लिहिणे मन लावून वाचले. एक गोष्ट अजून कोणी मांडली नाही, ती थोडी सविस्तर मांडते.

माझ्या आईच्या लग्नातला एक पितळी डबा आमच्याकडे आहे, भांडी बाजारातूनच घेतलेला. त्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिचे सासरचे नाव घातले आहे. डबा उलटा केला की तळाशी, राखेने आणि चिंचेने घासून घासून पुसट झालेले, तिचे माहेरचे नाव दिसते. आजोबांनी तो आधी तिच्या नावाने घेऊन ठेवला होता. लहानपणी मला वाटे की हा डबा दोन बायकांचा आहे.

गोदाकाठ, वडिलांची वही आडनावांवर चालते, म्हणून तिच्यात पुरुष आपापल्या पानावर आयुष्यभर स्थिर राहतात आणि बायकांना मात्र पान बदलावे लागते. गोखले हे आडनाव घ्या. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर नाशिकला मुक्काम हलवला आणि १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात पार्वतीचे काम दुर्गाबाई कामत यांनी केले आणि मोहिनीचे काम त्यांच्या लहान मुलीने, कमलाने. हीच कमला पुढे लग्न होऊन कमलाबाई गोखले झाली आणि त्यांचे पुत्र चंद्रकांत, नातू विक्रम अशी अभिनयाची परंपरा गोखले नावाने ओळखली जाऊ लागली. सुरुवात झाली ती कामत मायलेकींपासून.

आता खेळाकडे या. बुद्धिबळातल्या अनुपमा गोखले पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. त्यांना १९८६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या अगदी लहान वयाच्या होत्या आणि जग त्यांना अनुपमा अभ्यंकर म्हणून ओळखत होते. म्हणजे रंगभूमी आणि बुद्धिबळ या दोन्हींकडे गोखले हे नाव मोठे केले ते माहेरी गोखले नसलेल्या बायकांनी. ललिता पवारांचेही तसेच आहे. आपल्या येवल्यातला जन्म, मूळ नाव अंबिका सगुण. पवार हे नाव लग्नानंतरचे.

म्हणून मला वाटते की आडनावाची जुळणी नुसती मोजू नये, ते नाव त्या माणसाकडे कुठून आले हेही लिहावे.

मनमाड जंक्शन

तुमच्या या लिखाणानंतर मी आईच्या पेटीतली भांडी उलटी करून पाहिली. तीन तांब्यांवर तिचे माहेरचे नाव निघाले. आभारी आहे.

कॉलेज रोड

नाशिकचा विषय आहे म्हणून ‘क’ला आणखी एक जोडी सुचवतो. इथल्या एचपीटी महाविद्यालयात शिकवणारे आणि याच गावात राहून ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे नाटककार वसंत कानेटकर आणि क्रिकेटपटू हृषीकेश कानेटकर. १८ जानेवारी १९९८ रोजी ढाक्यात पाकिस्तानविरुद्ध ३१५ धावांचा पाठलाग करताना दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना सकलेनला मारलेला तो चौकार कोण विसरेल?

माहेरची ओवी

कॉलेज रोड, चौकार बरोबर आहे, आडनाव चुकले. हृषीकेश आणि त्यांचे वडील, १९७४ मध्ये कसोटी खेळलेले यष्टिरक्षक हेमंत, हे कानिटकर. नाटककार मात्र कानेटकर. ही दोन वेगळी आडनावे आहेत.

कॉलेज रोड

चूक मान्य आहे, सुधारणेबद्दल आभार. इतकी वर्षे मी दोन्ही नावे एकच समजत होतो.

कानिटकरांची लेक

ही गल्लत आमच्या घराने फार सोसली आहे. माझ्या शालान्त प्रमाणपत्रावर एका मात्रेची चूक झाली होती आणि ती दुरुस्त करून घ्यायला वडिलांना आठ महिने त्या कार्यालयात खेटे घालावे लागले. तेवढ्या काळात एका नोकरीचा अर्ज बाद झाला. बाकीच्यांना एक वेलांटी किरकोळ वाटते, ज्याचे नाव असते त्याला वाटत नाही. पवार आणि पोवार, वाडकर आणि वाडेकर ही नावेही अशीच वेगळी ठेवावीत. सुरेश वाडकर गातात आणि १९७१ साली वेस्ट इंडीज व इंग्लंड जिंकून आले ते अजित वाडेकर. गोदाकाठ, नवीन पाने भरताना एवढे मात्र जरूर सांभाळा.

भांडी बाजार

‘ज’ला जाधव राहिले: १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा, केदार, नाशिकची धावपटू संजीवनी, आणि रंगभूमीवरचे भरत व सिद्धार्थ. ‘श’ला शिंदे: १९५१ मध्ये दिल्ली कसोटीत इंग्लंडचे ९१ धावांत सहा बळी घेणारे लेगस्पिनर सदू शिंदे, आणि प्रल्हाद शिंदे यांच्यापासून आनंद, आदर्शपर्यंत आलेले गाणारे घराणे. यांतही एकमेकांशी नाते नाही, माझे मत कायम आहे. पण माहेरची ओवी यांचे म्हणणे मला नवीन होते. आमच्या दुकानात मी गेली तीस वर्षे भांड्यांवर नावे घालून देतो. ‘आधीचे नाव घासून टाका’ असे सांगणारी गिऱ्हाइके येतात, आणि मी ते काम करतो. यापुढे एकदा विचारून घेईन.

सांगलीकर, सध्या नाशिक

भांडी बाजार यांच्या ‘नाते नाही’ या मताला एक मोठा अपवाद आहे आणि तो माझ्या गावचा आहे. ‘संगीत मानापमान’ आणि ‘संगीत स्वयंवर’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांनी ‘नवाकाळ’ काढले. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक होते आणि वासंती, जयश्री, रोहिणी या त्यांच्या तिघी मुली बुद्धिबळपटू झाल्या. पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली वासंतीने जिंकली आणि १९८१ साली रोहिणी आशियाई विजेती झाली. नाटककार पणजोबा आणि बुद्धिबळातल्या पणत्या, रक्ताचे सरळ नाते आहे. मुलींना पटापुढे बसवण्याची मोकळीक त्या घरात होती, हे मला त्या पदकांइतकेच महत्त्वाचे वाटते.

सिडकोतली सायली

देवधरही घ्या. शंभरी ओलांडलेले क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर, त्यांच्या बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर गाजलेल्या मुली तारा, सुंदर आणि सुमन, आणि दुसरीकडे कुमार गंधर्वांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर.

गोल्फ क्लबची फेरी

थोडे आडवळण घेतो, पण विषय सोडत नाही. मी रोज सकाळी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर चालायला जातो. तिथे रणजी सामने झाले आहेत, मुले सरावाला येतात आणि सगळे त्याला गोल्फ क्लबच म्हणतात. ज्यांच्या नावाने ते मैदान आहे त्या अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली ती विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या रात्री. त्या मुलाला खेळाडू किंवा नट म्हणून कोणी ओळखत नाही, तरी नाशिकमध्ये नाट्यगृह आणि क्रीडांगण यांना जोडणारे ‘क’च्या पानावरचे एकच नाव सांगायचे झाले तर मी कान्हेरे हेच सांगेन.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. गोदाकाठ, आडनाव एक असून नाते नसल्याची उदाहरणे भरपूर झाली. आडनाव वेगळे असून नाते असल्याचे उदाहरण आपल्या नाशिकचेच आहे. कसोटीपटू यष्टिरक्षक माधव मंत्री १९२१ साली नाशिकला जन्मले. त्यांची बहीण म्हणजे सुनील गावसकरांची आई. लहानपणी सुनीलने मामाचा भारताच्या संघाचा स्वेटर मागितला तेव्हा मामाने तो दिला नाही, तो स्वतः मिळवायचा असतो असे सांगितले. ही आठवण गावसकरांनी स्वतः लिहिली आहे. त्यांनीच लिहिलेली दुसरी हकिकत अशी की जन्मल्यानंतर रुग्णालयात बाळांची अदलाबदल झाली होती. एका काकांनी आदल्या दिवशी बाळाच्या कानाजवळची बारीक खूण पाहून ठेवली होती, म्हणून चूक लक्षात आली आणि शोधल्यावर बाळ एका कोळिणीच्या कुशीत सापडले. काकांची नजर तेवढी बारीक नसती तर तेच बाळ वेगळ्या आडनावाने वाढले असते. गावसकर १९८० साली ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटाचे नायकही होते, म्हणजे मैदान आणि पडदा ही जोडी एकट्या माणसातच पूर्ण झाली. तुमच्या वडिलांनी मामाला ‘म’मध्ये टाकले असेल आणि भाच्याला ‘ग’मध्ये. अशा वेळी वही अपुरी पडते, असे मला वाटते.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गोल्फ क्लबची फेरी, तुमचे लिखाण वाचल्यावर मी लगेच वही काढली. ‘ग’च्या पानावर गावसकरांचे कात्रण आहे, १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतरचे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने, हिशेबाच्या वहीत खतावणीचे पान नोंदवतात तसे, वडिलांनी बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘पाहा, म. मंत्री.’ मी ते आधी कात्रणाची तारीख समजून सोडून दिले होते. ‘म’चे पान उघडले तर माधव मंत्र्यांच्या छायाचित्राखाली ‘पाहा, ग.’ असे आहे.

मग मी सगळी वही पुन्हा पहिल्या पानापासून पाहिली. अशा नोंदी एकूण अकरा आहेत. खाडिलकर भगिनींच्या कात्रणापाशी ‘पणजोबा, नाटककार, याच पानावर वर’ असे लिहिले आहे. संदीप आणि स्मिता पाटील यांच्यामध्ये मात्र काहीच लिहिलेले नाही. आमच्या वडिलांना नाते कुठे आहे आणि कुठे नाही हे ठाऊक होते, तरीही त्यांनी त्या दोघांना एका पानावर ठेवले होते. भांडी बाजार, तुमच्या मताशी ते बहुधा सहमत झाले असते, पण कात्रणे काढून वेगळी लावली नसती.

माहेरची ओवी, ‘अ’च्या पानावर अनुपमा अभ्यंकर यांचे १९८६ चे कात्रण आहे. गोखल्यांच्या पानावर फक्त चंद्रकांत आणि विक्रम आहेत. बाराव्या नोंदीपासून वही माझ्याकडे आली असे मी धरतो. आज रात्री जेवण झाल्यावर शिसपेन्सिलीला टोक काढून दोन नोंदी केल्या. अभ्यंकरांपाशी ‘पाहा, ग. गोखले’ आणि ‘प’च्या पानावर ललिता पवारांच्या छायाचित्राशेजारी ‘पाहा, स. सगुण, येवला’. ‘स’चे पान कोरे होते, तिथे आता हे पहिले नाव आहे.

माहेरची ओवी

गोखल्यांच्या पानावर कमलाबाईंसाठीही जागा ठेवा, आणि कोपऱ्यात ‘पाहा, क. कामत’ असे लिहा.

गोदाकाठ

लिहिले.